आजचा मोह आजच वेचायचा

एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही दोन नावे संध्याकाळच्या बातम्यांत हमखास येतात. देशात आज सर्वांत जास्त पारा कुठे चढला, याचे उत्तर पुष्कळदा या दोहोंपैकीच एक असते. २०१९च्या मे अखेरीस चंद्रपुरात ४८ अंशांची नोंद झाली होती. आकडा सांगून झाला की बातमी पुढे सरकते. पण त्याच दिवसांत एखाद्या दुपारी आभाळ एकाएकी काळवंडते, धुळीचा लोट उठतो, वाऱ्याने पत्रे उडतात, टपोरे थेंब पडतात आणि पाऊण तासात अंगावर शिरशिरी यावी असा गारवा सुटतो. शहरातल्या माणसाला तो सुखावतो. तिथून तीन-चार तासांच्या वाटेवर, धानोऱ्याच्या किंवा एटापल्लीच्या जंगलात, त्याच पाऊण तासाने एखाद्या कुटुंबाची कित्येक दिवसांची कमाई भिजवून टाकलेली असते. तिची बातमी होत नाही.

हवामानाचा भरवसा उरलेला नाही, तेव्हा उद्याची चिंता सोडा आणि आजचा दिवस आनंदात घालवा, असे सांगणारे आता पुष्कळ झाले आहेत. सल्ल्यात खोटे काही नाही. पण तो ज्यांना दिला जातो त्यांना आजच्या आणि उद्याच्या दिवसाचा पगार सारखाच मिळतो. पाऊस आला तर त्यांचे कपडे भिजतात, उत्पन्न भिजत नाही. चंद्रपूरचा पूर्व भाग आणि सगळा गडचिरोली जिल्हा, म्हणजे ज्याला तिथली माणसे झाडीपट्टी म्हणतात तो मुलूख आणि त्याच्या दक्षिणेचे माडिया रान, इथे दिवसाची कदर करण्याची याहून जुनी आणि कणखर रीत आहे. तिच्यात आनंद आहे, पण तो आधी येत नाही. आधी ओळख लागते. आज कोणता दिवस आहे, आज जंगल काय देणार, किती वाजेपर्यंत देणार, आणि आज आणले नाही तर उद्या उरेल का, याची ओळख. ती पिढ्यांनी कमावलेले ज्ञान आहे आणि ऋतू जसजसे लहरी होत चालले आहेत तसतशी तिची गरज वाढते आहे. तरीही आपला कायदा, विमा आणि पंचनामा यांच्या हिशेबात तो दिवस धरलाच जात नाही. म्हणूनच दिवसाची कदर ही मनाची एक छान अवस्था आहे असे मानून भागणार नाही. तिला कागदावर जागा मिळाली पाहिजे.

मोहापासून सुरुवात करावी. फाल्गुनात पाने झडलेल्या मोहाच्या फांद्यांच्या टोकाशी कळ्यांचे घोस लागतात. फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळू लागतात. उजाडेपर्यंत झाडाखाली फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा पडलेला असतो. तो वेचायला घरातली बाई, म्हातारी, शाळकरी पोरे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. उशीर केला तर हरणे, अस्वले आणि गुरे आधी पोहोचतात. ऊन चढले तर फुले कोमेजून मातीला चिकटतात. एका झाडाचा बहर दोन-तीन आठवड्यांचा. काल टोपलीभर मिळाले म्हणून आज तेवढेच मिळेल असे नाही, आणि काल जे वेचले नाही ते आज मिळत नाही. वेचलेली फुले अंगणात काही दिवस कडक उन्हात वाळवावी लागतात. लालसर तपकिरी होऊन खडखडीत वाळली तर ती पुढे कित्येक महिने टिकतात आणि बाजारात त्यांना भाव येतो. वाळवणावर एक सर पडली की फुले काळी पडतात, आंबतात. गारांचा पाऊस तर झाडावरचा बहरच झोडून काढतो. या पिकाला बियाणे लागत नाही, खत लागत नाही, कर्ज लागत नाही. त्याला वीस-एक कोरड्या सकाळी लागतात, आणि नेमक्या त्याच सकाळी आता हाती लागतील याची खात्री राहिलेली नाही.

असे का होते हे समजून घेण्यासारखे आहे. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भाच्या आकाशात दोन वाऱ्यांची गाठ पडते. वायव्येकडून, राजस्थानच्या बाजूने कोरडा आणि तापलेला वारा येतो. आग्नेयेकडून बंगालच्या उपसागरावरचा दमट वारा येतो. चंद्रपूर समुद्रापासून दूर आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंचीवर, त्यामुळे जमीन लवकर आणि भरपूर तापते. तापल्या जमिनीवरची दमट हवा झपाट्याने वर चढते. वरच्या थरात पुरेशी थंडी असली की त्या ढगात गारा धरतात. ही रचना नवी नाही; वळवाचा पाऊस आजोबा-पणजोबांनीही पाहिला आहे. बदलले आहे ते त्या रचनेत भरलेले इंधन. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि ते बाष्प पडते तेव्हा एकदम पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे त्यात दिसले, आणि तेही मोसमी पावसाची एकूण बेरीज घटत असताना.

हा अभ्यास शेतकऱ्याच्या आणि वनोपज वेचणाऱ्याच्या अंगणात आणून पाहिला तर त्याचा अर्थ सरळ आहे. वर्षाचा पाऊस किती, या आकड्याने आता फार थोडे कळते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून तिथे पाण्याची ददात नसेल असे मुंबईत बसून वाटते. पण ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि धानाला पाणी लागते ते ऑगस्टातच. फेब्रुवारी-मार्च २०१४मध्ये राज्यभर गारपिटीने थैमान घातले. त्या दोन महिन्यांचा पाऊस वार्षिक सरासरीत मिसळला की दिसतही नाही. सरासरी वर्षाची असते. धान, मोह आणि तेंदू दिवसावर जगतात.

मोह ओसरतो तोवर तेंदूच्या झुडपांना नवी पालवी फुटते. बिडीसाठी लागणारे पान कोवळे आणि लवचीक असावे लागते, आणि ते तसे राहते जेमतेम दहा-पंधरा दिवस. त्यानंतर ते जाड होते, खरबरीत होते, निरुपयोगी ठरते. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. पहाटे तोडायचे, दुपारी घरच्या सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी गावाच्या फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे. फळीवर ते पुडे उघड्या मैदानात उलटेपालटे करत वाळवले जातात. एका अवकाळी पावसाने त्यांच्यावर डाग पडतात. गारांनी झुडपावरची पाने फाटतात. मग ठेकेदार हात आखडता घेतो आणि आधीच छोटा असलेला हंगाम आणखी आखडतो. गडचिरोलीच्या अनेक गावांत या दहा-पंधरा दिवसांचा पैसा म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी रोख रक्कम असते. खरिपाचे बियाणे, पोरांची पुस्तके, घराची कौले या सगळ्यांची तरतूद तिच्यातून होते.

उन्हाचा इथे आणखी एक परिणाम होतो आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष गेले आहे. सकाळी दहानंतर रानात उभे राहवत नाही, म्हणून तेंदू तोडणारे उजाडण्याआधीच जंगलात शिरतात. वाघाच्या फिरण्याचीही वेळ तीच. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या भोवती आणि त्याच्या बाहेर ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावलीच्या रानात वाघांची संख्या मोठी आहे. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. या घटनांची चर्चा माणूस आणि वन्यजीव यांचा संघर्ष या शीर्षकाखाली होते, आणि ती व्हायलाच हवी. पण ऊन जितके वाढेल तितके हे काम पहाटेच्या त्या दोन-तीन तासांत कोंबले जाणार आहे, हेही त्याच चर्चेत मांडले गेले पाहिजे. दिवसातले तास कमी झाले की माणूस धोक्याच्या तासांत काम करतो. त्याला तिथे तापमान ढकलते.

आता या जगण्यातला आनंद कुठे आहे ते पाहावे, कारण तो नाही असे म्हणणे खोटे होईल.

भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गोंडांत पंडुम असतात. नवे फळ, नवे फूल, नवे धान्य हाताशी आले तरी त्याचा पंडुम झाल्याशिवाय ते खायचे नाही. मोहाच्या फुलांचा इरपू पंडुम, आंब्याचा मरका पंडुम, पेरणीआधी बियाण्याचा विज्जा पंडुम. गावाने मिळून दिवस ठरवायचा, देवाला आणि पूर्वजांना पहिला वाटा द्यायचा, मग सगळ्यांनी एकत्र खायचे. आंबा झाडावर लटकतो आहे, पोरांच्या तोंडाला पाणी सुटले आहे, तरी गाव थांबते. या थांबण्याचा एक व्यावहारिक फायदा अभ्यासकांनी वारंवार दाखवला आहे: कोवळी फळे ओरबाडली जात नाहीत, बी पक्के होते, झाडाला पुढच्या वर्षाची संधी मिळते. पण फायद्याच्या पलीकडेही त्यात काहीतरी आहे. वर्षात एक दिवस असा येतो की त्या दिवशी आंबा हा नुसता आंबा राहत नाही, सगळ्या गावाने वाट पाहून मिळवलेली गोष्ट होते. बारा महिने फ्रीजमध्ये आमरस ठेवणाऱ्या घराला तो दिवस मिळत नाही.

पावसाळ्यात असाच एक दिवस सात्यांचा येतो. ढग गडगडून पाऊस पडला आणि मग उघडीप मिळाली की वारुळांच्या आसपास या अळिंब्या एका रात्रीत वर येतात. त्या शिळ्या चालत नाहीत. सापडल्या त्या दिवशीच शिजवायच्या. एखाद्या घरी जास्त मिळाल्या तर शेजारी वाटून टाकायच्या, कारण ठेवून उपयोग नाही. बांबूचे कोवळे वास्ते, कुड्याची फुले, हे सगळे असेच दिवसांच्या बोलीवर येणारे अन्न. वर्षभर मिळणाऱ्या पदार्थांची चव माणसाला आठवत नाही, सात्यांची आठवते.

यावरून एक सोपा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. जंगलातली माणसे कशी आजच्या दिवसात जगतात, त्यांना उद्याची फिकीर नसते, आपण त्यांच्याकडून शिकले पाहिजे, असे कौतुकाने लिहिले जाते. प्रत्यक्षात उद्याची फिकीर त्यांच्याइतकी कोणालाच करावी लागत नाही. मोह आज वेचला जातो तो श्रावणात घरात दाणा नसेल म्हणून. वास्ते वाळवून ठेवतात, मोहाच्या बियांचे तेल काढून ठेवतात, सरपण पाऊस लागण्याआधी रचून ठेवतात. आजच्या दिवसाला इतके घट्ट धरतात ते वर्ष पार पाडायचे असते म्हणून.

भामरागडला हे सर्वांत स्पष्ट दिसते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळ वसलेले हे तालुक्याचे गाव. पर्लकोटेला पूर आला की तिथला जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जातो, बाजारपेठेत पाणी शिरते आणि शंभराहून अधिक गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३मध्ये हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले, तेव्हा पावसाळ्याचे महिने म्हणजे बाहेरच्या जगाशी पूर्ण फारकत असे. आज रस्ते, फोन, मोठे पूल येत आहेत, तरी सखल वाटांवरच्या गावांसाठी पावसाळ्याआधी रेशनचे धान्य आगाऊ पोहोचवावे लागते. ज्यांची बाळंतपणाची तारीख पावसाळ्यात येते अशा बायांची यादी आशा सेविका आधीच करतात आणि त्यांना दवाखान्याजवळच्या माहेरघरात आणण्याची धडपड होते. एका बाईचा एक दिवस, तो येण्याच्या कितीतरी आधी ओळखून, त्याच्यासाठी सगळी व्यवस्था हलवणे ही दिवसाची कदर आहे. ती आरोग्य खात्याच्या कागदावर आली, म्हणून काही जीव वाचले. जिथे गाडी पोहोचत नाही आणि नाला ओलांडायला खाट खांद्यावर घ्यावी लागते, तिथे ती अजून अपुरी आहे.

पूर नेहमी डोक्यावरच्या ढगातून येतो असेही नाही. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात तुफान पाऊस झाला, गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगेच्या पाण्याने ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरीच्या काठची गावे वेढली. जुलै २०२२मध्ये गोदावरी आणि प्राणहितेच्या पुराने सिरोंचाची हजारो माणसे हलवावी लागली. स्वतःच्या गावातले आभाळ कितीही बारकाईने वाचणाऱ्याला तीन-चारशे किलोमीटर वरचे आभाळ दिसत नाही. पारंपरिक निरीक्षणाची ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. तिथे उपग्रह, नदीवरचे मापक आणि वेळेवर पोहोचणारी सूचना यांनाच पर्याय नाही.

धानाचीही हीच कथा आहे. मृगात पऱ्हे टाकायचे, आर्द्रा-पुनर्वसूत चिखलणी आणि रोवणी, मग बांधीत पाणी धरून ठेवायचे. या भागातल्या जुन्या मालगुजारी तलावांनी आणि बोड्यांनी एकेकाळी पावसाच्या दोन सरींमधले अंतर भरून काढले होते. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले ते तलाव म्हणजे लहरी पावसाला दिलेले उत्तर होते. आज त्यांतले बरेच गाळाने भरले आहेत. कापणीच्या वेळी धोका आणखी वाढतो. कापलेल्या धानाच्या कडपा काही दिवस बांधीतच वाळत पडलेल्या असतात. त्या वाळल्या की भारे बांधून पुंजणे रचतात, मग मळणी. कडपा पसरलेल्या असताना पाऊस आला तर दाणा जागच्या जागी अंकुरतो आणि चार महिन्यांचे कष्ट मातीत जातात. डिसेंबर २०२३च्या पहिल्या आठवड्यात मिचाँग हे चक्रीवादळ आंध्रच्या बापटला किनाऱ्यावर धडकले आणि त्याचा पाऊस पूर्व विदर्भापर्यंत आला. समुद्र कधी न पाहिलेल्या शेतकऱ्याच्या कडपा बंगालच्या उपसागरातल्या वादळाने भिजवल्या. मार्गशीर्षात धान कापून निवांत व्हायचे, हे गृहीतच आता मोडले आहे.

तरीही याच बांधीत उभे राहून, रोजच्या रोज पाहण्यातून काय घडू शकते याचे या मातीतले मोठे उदाहरण दादाजी खोब्रागडे यांचे आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे हे अल्पभूधारक शेतकरी. शाळा तिसरीपर्यंत. १९८३च्या सुमारास पटेल-३ या वाणाच्या आपल्या पिकात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, जंगली डुकरांपासून राखल्या, पुन्हा निवडल्या. अशा कित्येक हंगामांतून बारीक, चवदार, जास्त उतारा देणारे वाण तयार झाले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले आणि आज तो तांदूळ पाच-सहा राज्यांत खाल्ला जातो. त्यांनी पुढे आणखीही वाण विकसित केले. त्यांना राष्ट्रीय पातळीवर सन्मान मिळाले, पण ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले ते आर्थिक ओढगस्तीतच. ज्या दिवशी त्या लोंब्या दिसल्या त्या दिवशी बांधावरून हजारो माणसे आपापल्या धानाकडे पाहत गेली असतील. दादाजी थांबले. त्या थांबण्यातून देशाला एक वाण मिळाले आणि त्यांना त्याचा मोबदला मिळाला नाही. झाडीपट्टीतल्या ज्ञानाच्या नशिबी हेच आले आहे: ते उपयोगी ठरते, पण ज्याचे ते, त्याच्या नावावर त्याची नोंद होत नाही.

धान घरात आले की इथला सर्वांत आनंदाचा काळ सुरू होतो. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी मंडई, शंकरपट आणि रात्रभर चालणारी नाटके. देसाईगंज म्हणजे वडसा हे त्या झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. तिथून नाटक मंडळ्या गावांत जातात, आणि जावई, लेकी, पाहुणे घोंगड्या घेऊन उघड्यावर पहाटेपर्यंत बसतात. हा सगळा व्यवसाय कोरड्या हिवाळी रात्रींच्या भरवशावर उभा आहे. तिथेही आता अवकाळी पावसाने मंडप भिजतो.

मग करायचे काय? एक उत्तर असे येते की, अंदाज सुधारले की प्रश्न सुटेल. अंदाज खरोखर सुधारले आहेत. विजेची सूचना देणारे दामिनी हे अॅप पुण्याच्या त्याच हवामानशास्त्र संस्थेने तयार केले, आणि विजांनी दरवर्षी माणसे गमावणाऱ्या पूर्व विदर्भात त्याचा उपयोग आहे. पण गारांचा पट्टा दोन-चार किलोमीटर रुंदीचा असतो आणि अंदाज जिल्ह्याचा असतो. गावापर्यंतचा सल्ला पोहोचवण्यासाठी २०१८नंतर देशभर कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभारण्यात आली होती. अशी १९९ केंद्रे २०२४मध्ये बंद करण्यात आली. ऋतू बिथरत असताना गावाच्या सर्वांत जवळचा हवामान सल्लागार काढून घेणे हा निर्णय चुकीचा होता, आणि तो फिरवला पाहिजे.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आणि तितकीच दुर्लक्षित आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे मोह, तेंदू, बांबू, डिंक, चारोळी यांच्यावर, वनवासी समाजाला मालकी दिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाने आणि शेजारच्या मर्दाने देशात पहिल्यांदा तो मिळवला. आज गडचिरोलीत अशा हक्कांच्या ग्रामसभा हजाराहून अधिक आहेत. मालकी आहे, पण मालकाचे नुकसान झाले तर ते नुकसान धरले जात नाही. गारपीट झाली की तलाठी येतो, धानाचा, गव्हाचा, हरभऱ्याचा पंचनामा करतो. ३३ टक्क्यांहून अधिक हानी असेल तर मदत बसते. पीक विमा अधिसूचित पिकांचा असतो. त्याच गारांनी झोडलेला मोह, भिजलेला तेंदू कुठल्याच रकान्यात बसत नाही, कारण तो सातबाऱ्यावर नाही. सरकारच्या दृष्टीने त्या रात्री जंगलात काहीच घडले नाही.

यावर अधिकारी विचारतात की, जे पेरलेच नाही त्याचे नुकसान मोजायचे कसे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे अर्धे उत्तर गावात आधीच लिहिलेले आहे. तेंदूच्या फळीवर रोज संध्याकाळी कोणत्या घराने किती पुडे दिले याची वही असते. चार-पाच हंगामांच्या वह्या समोर ठेवल्या की साधारण दिवसाला किती पुडे येतात आणि गारांनंतर किती आले, हे तिथल्या तिथे कळते. मोहासाठी अशी वही नाही. ती सुरू करता येते. जपानमध्ये क्योतो शहरात चेरीचा बहर कोणत्या दिवशी आला याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. दरबारी आणि भिक्षू आपल्या रोजनिश्यांत सहज लिहून ठेवत. यासुयुकी आओनो या संशोधकाने त्या गोळा केल्या, आणि २०२१चा २६ मार्चचा बहर हा तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा ठरला, हे जगाला निर्विवाद सांगता आले. ज्यांनी त्या नोंदी केल्या त्यांना तापमानवाढ ठाऊक नव्हती. त्यांनी आपापल्या दिवसाची दखल घेतली होती. झाडीपट्टीत मोहाचा पहिला सडा कधी पडला, किती दिवस गळती टिकली, आभाळ कधी आले, हे प्रत्येक म्हातारीला ठाऊक असते. मारुती चितमपल्लींसारखा वनाधिकारी लेखक अशी निरीक्षणे आयुष्यभर वहीत उतरवत राहिला, म्हणून विदर्भाच्या रानाचे काही ऋतू मराठीत उरले. बाकीचे त्या त्या म्हातारीबरोबर जातात.

मेंढा (लेखा) गावात अभ्यास गटाची परंपरा आहे. गावाचे नेते देवाजी तोफा आणि दिवंगत कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या काळापासून गाव एकत्र बसून विषय समजून घेते आणि मग सर्वसहमतीने ठरवते. त्या बैठकीत मोहाची वही हा विषय सहज बसेल. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांनी ती लिहावी, ग्रामसभेने तिच्यावर सही करावी. आणि हे एका गावापुरते राहू नये.

म्हणून ही विनंती दोघांना आहे. सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांनी येत्या फाल्गुनापासून मोहाच्या प्रत्येक सकाळची नोंद ठेवावी: झाडे किती, टोपल्या किती, आभाळ कसे. आणि राज्याच्या मदत व पुनर्वसन विभागाने शेतपिकाच्या शेजारी गौण वनोपजाचा रकाना उघडावा. अवकाळी पावसानंतर तलाठ्याबरोबर वनरक्षकालाही पंचनाम्याला पाठवावे आणि ग्रामसभेची वही पुरावा म्हणून स्वीकारावी. मोहाचा पुढचा बहर येण्याआधी हा शासन निर्णय निघू शकतो.